हवालदाराचा उजवा गाल

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा उरलेला मी तुरटीचा एक जुना खडा आहे. कोनाड्यातल्या पत्र्याच्या डबीत माझा मुक्काम असतो. पाहिलंत तर खडीसाखरेचा तुकडाच वाटेन, पण जिभेला लावू नका. तोंड असं आखडेल की जेवणाची वेळ टळून जाईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कढईत रटरट उकळून, मग थंड होता होता मी घट्ट झालो. तेव्हा मी साबणाच्या वडीएवढा होतो, चौकोनी आणि काचेसारखा नितळ. आमच्या कुळाला एक खोड आहे. पाणी लागलं की थोडं तरी झिजायचंच. त्यामुळे स्वस्थता कशी असते ते मला ठाऊक नाही. कोरडा राहिलो तर शंभर वर्षं टिकेन, पण दगड म्हणून. उपयोगी पडायचं तर झिजणं आलंच. या दोन विचारांत माझा जीव सतत वरखाली होत असतो.

बेळगावच्या छावणीजवळच्या एका दुकानातून मला गुंडा हवालदारांनी विकत घेतलं. हवालदार शिराळ्याच्या बाजूचे. अंगानं शिडशिडीत, मिशा कातरलेल्या आणि पाय कधी एका जागी न ठरणारे. माझ्यासारखेच अस्वस्थ, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. पहाटे उठून ते उभ्याउभ्याच दाढी करत. मग ओंजळभर गार पाणी तोंडावर मारून मला भिजवत आणि दोन्ही गालांवरून हलकेच फिरवत. झोंबलं की दातांतून "स्स्" असा आवाज काढत आणि आरशातल्या स्वतःलाच म्हणत, "आता झाला जवान तयार."

मला त्या आवाजाचा अभिमान वाटायचा.

सन एक्क्याण्णवला हवालदार निवृत्त होऊन गावी आले. मुलगा शिवतेजही फौजेत भरती होऊन दूर आसामात होता. घरी हवालदार आणि त्यांची बायको राहीबाई, दोघंच. वाट्याचा ऊस होता. हवालदार दिवसभर बांधावरून चालत राहत. दाढीचा नेम मात्र चुकला नाही. राहीबाई मला कधी हात लावत नसत. ब्रश, वाटी, पात्याचं यंत्र आणि मी, हे सगळं 'त्यांचं सामान' होतं. नवरा दाढीला उभा राहिला की त्या पाठमोऱ्या चुलीपाशी बसत.

पंचाण्णवच्या हिवाळ्यात एक दिवस हवालदार उसाला पाणी पाजायला गेले आणि पाटाच्या कडेला कोसळले. मिरजेच्या दवाखान्यातून काही आठवड्यांनी परत आले ते बाजेवरूनच. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी बाजू लोंबली. बोलणं गेलं. फक्त "आ... आ..." एवढाच आवाज राहिला. पण डावा हात जागा होता. तो दिवसभर बाजेच्या लाकडावर बोटं वाजवत राही. टक, टक, टक. त्या आवाजानं घरातली मांजरसुद्धा एका जागी निजेना. राहीबाई चुलीपासून बाजेपर्यंत आणि बाजेपासून चुलीपर्यंत फेऱ्या मारत. कोनाड्यात पडल्या पडल्या मीही आतल्या आत घुसमटत होतो. दाढी रोज वाढत होती आणि मला कुणी हात लावत नव्हतं.

त्या दिवसांत हवालदारांना बघायला गाव येऊन गेलं. खालच्या आळीतल्या बायडाबाईही आल्या. या बौद्धवाड्यातल्या विधवा, कितीतरी वर्षं राहीबाईंच्या उसात कामाला येत. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. "कसं हाय हवालदारास्नी?" त्यांनी विचारलं. राहीबाईंनी "हाय तसंच हाय" म्हटलं आणि त्या आत निघून गेल्या. बायडाबाई थोडा वेळ उभ्या राहून परतल्या.

दुसऱ्या दिवशी भावकीतल्या रंगुबाई आल्या. त्यांनी हवालदारांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"राहे, ही नजर हाय. तुरटी ववाळून निखाऱ्यावर टाक. ज्येची नजर लागली त्येचं तोंड उठतंय तिच्यात."

मित्रांनो, माझी अवस्था काय झाली असेल! राहीबाईंनी मला डबीतून काढलं, पाट्यावर ठेवलं आणि वरवंट्याचा घाव घातला. माझे दोन तुकडे झाले. एक हवालदारांवरून ओवाळून त्यांनी चुलीत टाकला. तो वितळला, बुडबुडला आणि पांढराशुभ्र फुगून लाहीसारखा झाला. रंगुबाईंनी तो चिमट्यानं उलटासुलटा केला.

"बाईच हाय. ह्ये बग कपाळ, कुकवाबिगर. काल दारात कोन हुबी हुती गं?"

राहीबाईंनी दाराकडं पाहिलं. ज्याला फुगवून रंगुबाई चेहरा म्हणत होत्या, तो माझाच अर्धा देह होता. मी त्याच्याकडे एकटक बघत होतो. त्यात कुणाचंही तोंड नव्हतं. तुरटी तापली की अशीच फुलते, एवढंच. पण दगडाचं कोण ऐकतो? उसाचा वाळका पाला काढायच्या दिवसांत बायडाबाई विळा घेऊन आल्या तेव्हा राहीबाईंनी दारातूनच सांगितलं, "ह्या वक्ताला नगं." नजरेची गोष्ट आधीच गावभर झाली होती. बायडाबाई गेल्या, आणि मग खालच्या आळीतलं दुसरंही कुणी त्या उसात आलं नाही.

दाढी तर वाढतच होती. पेज भरवताना ती दाढीत सांडे, वाळे, आणि मुंग्या लागत. शेवटी राहीबाईंनी नाथाजी न्हाव्याला बोलावलं. नाथाजी भला माणूस. त्यानं साबण फेसला आणि म्हणाला, "वैनी, ह्यास्नी आता काय कळतंय? तुमी डोस्कं दाबून धरा, मी पटापटा वडतो."

त्याबरोबर हवालदारांचा डावा हात उठला आणि फेसाची वाटी भिंतीवर जाऊन आदळली.

नाथाजी रागावला नाही. त्यानं वस्तरा मिटला. "ऱ्हाऊ द्या, वैनी. कुनाच्याबी मानंवर पातं ठेवायचं म्हंजे त्येची राजी पायजे."

त्यानंतर हवालदारांनी पेज प्यायचंही कमी केलं. घास आला की तोंड फिरवायचे. शिवतेजला रजा मिळत नव्हती. एका सकाळी राहीबाईंनी कोनाड्यातलं सगळं सामान ताटलीत घेतलं आणि बाजेपाशी येऊन बसल्या.

"आवं, मी करू?"

हवालदारांनी डोळे मिटले. राहीबाईंना तो होकार वाटला.

नवऱ्याची दाढी त्यांनी कधी समोरून पाहिलीच नव्हती. त्यांनी गळ्याकडून वर, केसांच्या उलट पातं ओढलं. डाव्या गालाला हवालदार आक्रसले, मान हलली. राहीबाई लगेच सावध झाल्या आणि हात हलका केला. उजवा गाल मात्र हललाच नाही. राहीबाईंना वाटलं, ही बाजू आपल्याला छान जमतेय. गुळगुळीत होईपर्यंत त्या तिथं पुन्हा पुन्हा पातं फिरवत राहिल्या. रक्ताचे बारीक थेंब आले. मग त्यांनी मला उचललं.

"झोंबलं की लवकर बरं हुतंय," त्या पुटपुटल्या आणि भांडं घासावं तसं मला त्या गालावर घासलं.

रोज असंच चाललं. डाव्या गालावर मी हळूच टेकायचो, उजव्यावर जीव खाऊन घासला जायचो. माझ्याखाली कातडी कोरडी पडत होती, तडकत होती. मला ओरडता येत नव्हतं आणि त्या गालाला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघंही मुके!

आधी बारीक पुळ्या आल्या. मग त्यांत पू झाला. मग गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला आणि हवालदारांचं अंग तापानं फणफणलं. बाजेवरची टकटक थांबली. ज्या आवाजानं घराला नको नको केलं होतं, तो बंद पडताच राहीबाई घाबरून रस्त्यावर धावल्या. शेजारच्या आप्पासोंनी जीप काढली. निघताना राहीबाईंनी मला पदराच्या गाठीत बांधून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं तर काय लावलं ते दाखवता यावं म्हणून.

मिरजेच्या डॉक्टरांनी गाल पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "ह्यांना साखर आहे. पू डोळ्याकडं सरकतोय. उशीर केला असतात तर डोळा गेला असता, कदाचित जीवही." इंजेक्शनं सुरू झाली. राहीबाई वॉर्डाच्या भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. बाकडं मोकळं होतं, पण त्यांना बसवेना.

गाल धुवायला एक तरुण नर्स आली.

"ह्यांची दाढी कोण करतं, काकी?"

"मीच."

"आणि वर काय लावता?"

राहीबाईंनी गाठ सोडून मला तळहातावर धरलं. नर्सनं माझ्याकडं पाहिलं, मग हवालदारांकडं. तिच्या बोलण्याची ढब ऐकून राहीबाईंनी विचारलं, "कुनाची गं तू? बोलनं आमच्याकडचं वाटतंय."

"तुमच्याच गावची. बायडाबाईची आम्रपाली."

राहीबाईंची मूठ मिटली. त्यांच्या तळहाताला असा घाम सुटला की मी त्यातच विरघळायला लागलो. त्या म्हणाल्या, "पोरी, गावातलं... तुला ठावं हाय?"

"ठावं हाय. आईनं सांगितलं." आम्रपालीनं कापूस भिजवला. "त्ये मागनं बघू. आदी ह्यांचा गाल बघू."

तिनं ओला कापूस हवालदारांच्या डाव्या गालाला लावला. ते दचकले. मग तोच कापूस उजव्या गालाला लावला. काहीच नाही. पापणीसुद्धा लवली नाही.

"दिसलं, काकी? ह्या गालाला कळतच न्हाई. तो 'थांबा' म्हनत न्हाई, म्हणून तुमी थांबला न्हाई."

राहीबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. रडू आवरल्यावर त्यांनी विचारलं, "मग मला कसं कळायचं गं?"

"तुमच्या बोटाला कळाया पायजे. दाढीच्या आदी बोटाची पाठ लावून बघा. गरम लागलं, खरबरीत लागलं, तर त्या दिवशी पातं न्हाई. दाढी वाढली तर वाढू दे, कात्रीनं बारीक करा."

मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. ती वाकली आणि थेट हवालदारांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "साहेब, दाढी तुमची हाय. तुमच्या हुकमाबिगर हुनार न्हाई. डावा हात उचलला की काकी थांबतील. चालंल?"

इतके दिवस सगळे त्यांच्याविषयी बोलत होते. त्यांच्याशी बोलून उत्तराला कुणी थांबलं नव्हतं. हवालदारांची बोटं चादरीवरून हळूहळू उठली.

गाल सुकायला बरेच दिवस गेले. घरी सोडायच्या सकाळी आम्रपालीनं राहीबाईंकडूनच दाढी करवून घेतली. कोमट पाण्यात पिळलेला फडका आधी गालावर ठेवायला लावला, केस मऊ पडेपर्यंत. पातं केस वळतील त्या बाजूनं, वरून खाली. एकदा फिरलं तिथं पुन्हा नको. मग गार पाणी. राहीबाई टॉवेलानं खसाखसा पुसायला गेल्या तर तिनं हात धरला. "पुसायचं न्हाई, काकी. टिपायचं. डाग पडलेली साडी टिपता तसं. आणि टॉवेल ह्यांचा एकट्याचा ठेवा, रोज धुतलेला." हनुवटीखाली रक्ताचा एक ठिपका आला होता. राहीबाईंनी भीत भीत मला पुढं केलं.

"ह्यो वाईट न्हाई," आम्रपाली म्हणाली. "भिजवून नुसता टेकवा. रक्त थांबलं की पान्यानं धुऊन टाका. सगळ्या तोंडाला रोज रोज नगं, कातडी सुकती. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब."

'ह्यो वाईट न्हाई.' मित्रांनो, माझं कौतुक पूर्वीही झालं होतं, पण या तीन शब्दांनी मला जेवढं बरं वाटलं तेवढं कशानंच नाही.

जीप गावात शिरली तशी राहीबाईंनी खालच्या आळीच्या तोंडाशी ती थांबवली. मी पदराच्या गाठीतच होतो. बायडाबाई अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. राहीबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बायडाक्का, माजं चुकलं. मी दुसऱ्याचं ऐकलं."

बायडाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "तुमी ऐकलं, त्येचं न्हाई वो येवडं. लोक काय बी बोलत्यात. मी दारात इचारत हुते आनि तुमी पाठ फिरवून आत गेलासा. त्येचं लागलं."

"कामाला येशीला का?"

"न्हाई. तुमच्या उसात आता न्हाई यायची." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "पर हवालदारास्नी बघाया यीन. आत बसून."

"या," राहीबाई म्हणाल्या. "आतच बसा."

आणि बायडाबाई आल्या. बाजेशेजारी बसल्या, चहा प्याल्या. रंगुबाई दारावरून दोनदा गेल्या-आल्या, पण आत डोकावल्या नाहीत. बायडाबाई कामाला मात्र आल्या नाहीत आणि राहीबाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

त्यामुळं उसातलं काम राहीबाईंच्या एकटीच्या अंगावर पडलं. सकाळी नवऱ्याची दाढी, पेज आणि औषध करून त्या पाला काढायला जात. संध्याकाळी परतत तेव्हा घामानं भिजलेल्या त्यांच्या गालांवर उसाच्या पानांनी ओढलेले लाल ओरखडे असत. त्या चेहऱ्यावर नुसतं पाणी मारत आणि चुलीला लागत. हवालदार बाजेवरून बघत राहत. त्यांची बोटं पुन्हा लाकडावर वाजायला लागली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक सकाळ उजाडली. राहीबाईंनी फडका ठेवला, फेस लावला. तेवढ्यात हवालदारांनी डावा हात उचलला. राहीबाई थांबल्या. त्यांनी बोटाची पाठ गालाला लावून पाहिली. गाल थंड होता, मऊ होता.

"काय झालं वो? दुकतंय?"

हवालदारांनी त्यांच्या हातातलं यंत्र काढून घेतलं.

डाव्या हाताला सवय नव्हती. राहीबाईंनी एका हातानं आरसा धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी उजव्या गालाची कातडी ताणून धरली. पातं टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. माझा जीव डबीत मावेना. कुठं कापलं तर? पण नाही. वरून खाली, केसांच्या दिशेनं, थोडं थोडं करून हवालदारांनी तो न कळणारा गाल स्वतः साफ केला. कानाजवळ एक पट्टा राहिला. राहू दे! गार पाणी मारलं. टॉवेलानं गाल टिपला. रक्ताचा एक थेंब नव्हता. आज माझं काही काम नाही, असं मी म्हणतोय तोच त्यांच्या बोटांनी मला डबीतून उचललं आणि पाण्यात बुडवलं.

राहीबाई म्हणाल्या, "आवं, कापलंय कुटं? नगं त्ये आज."

हवालदारांनी मला स्वतःच्या गालाकडं नेलंच नाही. हात पुढं केला आणि राहीबाईंच्या गालावरच्या ताज्या ओरखड्यावर मला टेकवलं. मित्रांनो, इतकी वर्षं त्या घरात राहून मला त्या गालाचा स्पर्श ठाऊक नव्हता. उन्हानं रापलेला, खरबरीत झालेला तो गाल होता. कुणीही त्याला कधी काही लावलं नव्हतं.

"आई गं! झोंबतंय की वो!"

हवालदार दचकले. मी बाजेवर पडलो. त्यांनी घाईघाईनं ओला फडका घेतला, राहीबाईंचा गाल टिपला, वाटीतल्या तेलात बोट बुडवून ओरखड्यावर लावलं. मग त्यांचे ओठ हलायला लागले. तोंडाची डावी बाजू आवळली, गळ्याची शीर फुगली. राहीबाई त्यांच्या ओठांकडं बघत होत्या. आणि मग शब्द आला. जाड, वेडावाकडा, पण शब्दच.

"लय?"

राहीबाईंनी मान हलवली. डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "थोडंच."

मित्रांनो, हवालदार त्यानंतर धड चालले नाहीत. बोलणंही दहापाच शब्दांपुढं गेलं नाही. मी मात्र भराभर झिजतोय, कारण आता मला दोन चेहऱ्यांचं काम आहे. लवकरच संपेन आणि या डबीत दुसरा खडा येईल. त्याची तुम्ही काळजी करू नका. वडिलांच्या, आजोबांच्या दाढीनंतर त्यांच्या गालाची काळजी करा. तो घासू नका, टिपा. आणि ज्याला दुखतं हे सांगता येत नाही, त्याच्या गालाला हात लावण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघून त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.